अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर: गुण कुठे मिळतात आणि कुठे गळतात

दरवर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर ‘अपसामान्य मानसशास्त्र’ असं लिहिते आणि शेवटच्या बाकापर्यंत सगळे ताठ बसतात. मानसशास्त्र घेतलंच मुळी या पेपरासाठी, असं निम्मा वर्ग कबूल करतो. संख्याशास्त्राच्या तासाला ही चमक कुणाच्या डोळ्यांत दिसत नाही. निकाल लागतो तेव्हा मात्र अनेकांना संख्याशास्त्रात जास्त गुण पडलेले असतात. तिथे घाबरून अभ्यास केला होता. इथे वाटलं होतं, नैराश्य म्हणजे काय हे तर आपल्याला माहीतच आहे.

बरीच वर्षं हे पेपर आणि इंटर्नल तपासल्यावर माझं एक ठाम मत झालं आहे. या विषयात गुण आजाराच्या नावाला मिळत नाहीत, त्या नावापर्यंत कसे पोचलात याला मिळतात. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

पायरी १: योजना स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका

महाराष्ट्रात हा पेपर सगळीकडे सारखा नाही. नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. त्यामुळे एकाच गावातल्या दोन कॉलेजांत हाच विषय वेगळ्या सत्रात, वेगळ्या क्रेडिटने शिकवला जात असू शकतो. कुठे तो चार क्रेडिटचा सलग पेपर आहे, कुठे दोन-दोन क्रेडिटचे तुकडे, कुठे प्रात्यक्षिक वेगळं. सत्रान्त आणि अंतर्गत गुणांची वाटणी कुठे ६०:४० असते, कुठे ७०:३०. मावसबहिणीच्या कॉलेजात काय चालतं ते विचारून उपयोग नाही. आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवा, विषयाचं शेवटचं पान उघडा आणि चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा: क्रेडिट किती, इंटर्नल किती गुणांचं आणि कशाकशाचं, दोन्ही भागांत वेगळं पास व्हावं लागतं का, आणि प्रत्येक घटकाला किती तास दिले आहेत.

चौथी गोष्ट मुलं बघतच नाहीत. एका क्रेडिटला थिअरीचे साधारण १५ तास धरलेले असतात. चार क्रेडिटच्या पेपरात एखाद्या घटकाला १५ तास दिले असतील, तर प्रश्नपत्रिकेतही त्याचा वाटा जवळपास चौथाई असणार. पेपर काढणाऱ्यांसमोरही हेच पान असतं.

हजेरीचं गणितही याच वेळी करून टाका. ७५ टक्क्यांची अट कागदावर सगळीकडे दिसते. ती किती कडकपणे पाळली जाते हे कॉलेजगणिक बदलतं, पण काही ठिकाणी हजेरीलाही इंटर्नलमध्ये गुण असतात, आणि तेवढे फुकटचे गुण सोडण्यात शहाणपण नाही.

पायरी २: आधी आकडेमोड, मग अभ्यास

समजा ६०:४० ची योजना आहे आणि दोन्हींत ४० टक्क्यांना पास. म्हणजे लेखीत २४ आणि इंटर्नलमध्ये १६ लागतात. एकूण ५२ गुण पडले, पण त्यातले इंटर्नलचे १४ असतील तर तुम्ही नापास. ‘मॅडम, माझे तर पन्नासच्या वर आहेत’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकते.

आता वरच्या टोकाचा हिशेब. ८० ला ‘ओ’ आणि ७० ला ‘ए प्लस’ मिळतो असं धरू. इंटर्नलला ४० पैकी ३४ असतील तर ‘ओ’साठी लेखीत ६० पैकी ४६ हवेत. कठीण आहे, पण जमण्यासारखं. इंटर्नलला २४ च असतील तर लेखीत ५६ लागतील, आणि दीर्घोत्तरी पेपरात ते जवळपास अशक्य आहे. म्हणजे ‘ओ’चा निर्णय परीक्षेच्या महिनाभर आधी सबमिशनच्या टेबलावरच लागलेला असतो.

एका गुणाची किंमतही बघा. यूजीसीच्या दहा गुणांकांच्या पद्धतीत ‘ए प्लस’ला ९ आणि ‘ए’ला ८ गुणांक असतात. ६९ आणि ७० मधला एक गुण चार क्रेडिटच्या पेपरात चार क्रेडिट-गुणांचा फरक करतो. सत्र २२ क्रेडिटचं असेल तर एसजीपीए, म्हणजे सत्राची गुणांक-सरासरी, सुमारे ०.१८ ने हलतो. एम.ए.च्या प्रवेश यादीत एवढ्यावर नावं वर-खाली होतात.

पायरी ३: सीनियरच्या नोट्स घ्या, पण चाळणीतून घ्या

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात या पेपरचा एक संच वर्षानुवर्षं विकला जातो. अक्षर सुंदर, मजकूर शिळा. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती, म्हणजे डीएसएम-५, २०१३ मध्ये आली आणि २०२२ मध्ये तिची सुधारित मजकुराची आवृत्ती. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून अमलात आलं. जुन्या संचांत यातलं काही नसतं.

नोट्स ताज्या आहेत का हे पाच मिनिटांत ओळखता येतं. निदानाचे ‘पाच अक्ष’ दिले असतील तर नोट्स जुन्या, कारण ती पद्धत डीएसएम-५ ने काढून टाकली. छिन्नमनस्कतेचे, म्हणजे स्किझोफ्रेनियाचे, पॅरानॉइड, कॅटाटॉनिक वगैरे उपप्रकार वेगवेगळे आजार म्हणून दिले असतील तरी जुन्या. ओसीडी (नको ते विचार आणि कृती पुन्हापुन्हा येणं) आणि पीटीएसडी (आघातानंतरची ताण-विकृती) चिंता-विकृतींच्या प्रकरणात सापडले तरी तेच, आता त्यांची स्वतंत्र प्रकरणं आहेत. आणि ‘जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने नैराश्याचं निदान करू नये’ असं वाक्य दिसलं तर तो संच सरळ रद्दीत द्या. तो अपवादही २०१३ ला गेला. २०२२ च्या आवृत्तीत दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाचं वेगळं निदान आलं आहे आणि प्रौढांसाठी त्याची मर्यादा १२ महिन्यांची आहे.

तुमच्या अभ्यासक्रमाने मुद्दामच जुनी आवृत्ती नेमली असेल तर तीच लिहा, मात्र कोणत्या आवृत्तीनुसार लिहिताय ते उत्तरात एकदा सांगा. परीक्षकाला एवढं पुरतं.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक जास्तीची सूचना. आपल्या विषयात मराठी संज्ञांचा मेळ नाही. एक लेखक ज्याला विभ्रम म्हणतो त्याला दुसरा भास म्हणतो, आणि संभ्रम-भ्रम-विभ्रम यांची अदलाबदल तर नेहमीची. म्हणून पहिल्या उल्लेखाला मराठी शब्दासोबत हॅल्युसिनेशन, डिल्यूजन असे मूळ शब्दही लिहा आणि पुढे एकच मराठी शब्द शेवटपर्यंत धरा. तपासणारा दुसऱ्या पुस्तकातून शिकलेला असला तरी तुमचा गुण जाणार नाही.

पायरी ४: कालावधीची एक वेगळी वही

लक्षणं सगळ्यांनाच आठवतात, गाडी अडते ती मुदतीवर. नैराश्याच्या झटक्याला किमान दोन आठवडे. उन्मादाला, म्हणजे मेनियाला, एक आठवडा, सौम्य उन्मादाला सलग चार दिवस. सर्वसाधारण चिंता-विकृतीला सहा महिने. आघातानंतर तीन दिवस ते एक महिना असेल तर तीव्र ताण-विकृती, महिना उलटला की पीटीएसडीचा विचार. दीर्घकालीन सौम्य नैराश्य प्रौढांत दोन वर्षं, मुलांत एक वर्ष.

छिन्नमनस्कतेच्या कुटुंबात तर मुदतीवरच नाव बदलतं. एक दिवस ते एक महिना असेल तर अल्पकालीन मनोविकृती, एक ते सहा महिने असेल तर स्किझोफ्रेनिफॉर्म, सहा महिन्यांच्या पुढे छिन्नमनस्कता. लक्षणं तीच, कॅलेंडर वेगळं. हा एक प्रश्न टिपेसाठी, तुलनेसाठी आणि व्हायवासाठीही येतो.

ही वही आडव्या रेषा मारून करा: आजार, किमान किती लक्षणं, किती दिवस, कशाशी गल्लत होते. चौथा रकाना स्वतःच्या डोक्याने भरा. तो छापील कुठे मिळत नाही आणि केस स्टडीत तोच कामाला येतो.

पायरी ५: केस स्टडी, म्हणजे या पेपरचा कणा

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इंटर्नलमध्ये सर्वांत जास्त गुण इथेच सांडतात. बहुतेक शिक्षक एक लिहिलेली केस देतात आणि विश्लेषण मागतात. माझी वर्गातली एक रचलेली केस घ्या.

बावीस वर्षांचा तरुण, मूळ लातूर जिल्ह्यातला, पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पूर्वपरीक्षेत नापास झाल्यापासून तीन आठवडे त्याचं मन उदास आहे. अभ्यासिकेत जावंसं वाटत नाही, क्रिकेटही बघत नाही. पहाटे तीनला जाग येते, मेसचा डबा तसाच परत जातो. वाचलेलं डोक्यात राहत नाही. वडिलांचे पैसे वाया घालवले म्हणून स्वतःला सतत दोष देतो. मित्र सांगतात, ‘हा असा नव्हता. दोन वर्षांपूर्वी तर पाच-सहा दिवस रात्री तीन तास झोपायचा, तरी ताजातवाना. अखंड बोलायचा, आम्ही सगळे त्याला टरकलो होतो. उसने पैसे घेऊन स्वतःचा क्लास काढायला निघाला होता. मग आपोआप शांत झाला.’

वर्गातली बहुसंख्य मुलं दुसऱ्या वाक्याला पेन उचलतात आणि ‘निदान: नैराश्य’ लिहून मोकळी होतात. पुढची दोन पानं नैराश्याची पाठ केलेली कारणं. मित्राचं बोलणं तसंच पडून राहतं.

आता पायरीपायरीने करू. आधी पानाच्या डाव्या बाजूला केसमधली वाक्यं जशीच्या तशी लिहा आणि उजव्या बाजूला त्यांचं तांत्रिक नाव. ‘डबा परत जातो’ म्हणजे भुकेतला बदल. ‘पहाटे तीनला जाग’ म्हणजे निद्रानाश. उदासी, रस संपणं, झोप, भूक, एकाग्रता, अपराधभाव मिळून नवांपैकी सहा लक्षणं झाली. किमान पाच लागतात आणि त्यांत उदासी किंवा रस संपणं यांपैकी एक असावंच लागतं, ते इथे आहे. मुदत तीन आठवडे, म्हणजे दोनच्या वर. कामकाज बिघडलंय, अभ्यासिका सुटली आहे. नैराश्याचा झटका सिद्ध झाला, पण अजून निदान झालेलं नाही.

आता मित्राच्या वाक्यावर या. मुदत पाच-सहा दिवस, म्हणजे चारच्या वर. झोपेची गरज कमी, बडबड वाढलेली, पैशांची जोखीम, अंगात नवा जोर. बदल इतरांच्या नजरेत आलेला. दवाखान्यात भरती करावं लागलं नाही आणि आयुष्य पूर्ण कोलमडलं नाही. हा सौम्य उन्मादाचा झटका. सौम्य उन्माद अधिक नैराश्याचा झटका म्हणजे द्विध्रुवी विकृती (बायपोलर), प्रकार दोन.

त्यानंतर एक परिच्छेद असा लिहा, जो बहुतेकांच्या कागदावर नसतो: आपण काय काय नाकारलं आणि का. नुसतं नैराश्य का नाही? कारण आधीचा चढ. प्रकार एक, म्हणजे पूर्ण उन्माद असलेला, का नाही? कारण सात दिवस भरले नाहीत आणि तीव्रताही तेवढी नाही. दारू, एखादं औषध, थायरॉइड यांची चौकशी केसमध्ये नाही, म्हणून ‘ही माहिती मिळवावी लागेल’ असं स्पष्ट लिहा. केसमध्ये जे नाही ते मनाने भरू नका. आणि निदान चुकलं तर काय बिघडतं हेही एका ओळीत सांगा: द्विध्रुवी रुग्णाला फक्त नैराश्यविरोधी औषध दिलं तर तो उन्मादाकडे झुकण्याचा धोका असतो. ही ओळ वाचली की मला कळतं, मुलीला विषय समजला.

वीस गुणांची केस मी अशी तपासते: माहितीच्या मांडणीला ४, लक्षणांच्या पुराव्याला ६, पर्यायी निदानांच्या विचाराला ५, उपचारांच्या दिशेला ३, भाषा आणि नैतिकतेला २. निदानाच्या नावाला वेगळा गुण नाही. चुकीच्या निदानाला मी १४ दिले आहेत आणि बरोबर निदानाला ७. तुमच्या शिक्षकांची वाटणी वेगळी असेल, सबमिशनच्या आधी त्यांना विचारून घ्या. विचारलेलं त्यांना आवडतं.

स्वतः केस शोधून आणायला सांगितलं असेल तर शेजारच्या काकूंवर लिहू नका. गावात नाव बदलूनही माणूस ओळखू येतो. ‘आमच्या गल्लीतली एक शिक्षिका, जिचा नवरा एसटीत आहे’ यात झाकलं काय? वय, गाव, व्यवसाय सगळं बदला, लेखी संमती घ्या, आणि शक्य असेल तर विभागाने दिलेलीच केस निवडा. बी.ए.च्या पदवीने कुणाचं निदान करता येत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तुमचं ते शैक्षणिक विश्लेषण, आणि पहिल्या पानावर तसं लिहिलेलं असावं.

पायरी ६: सादरीकरण, सिनेमा, भेट

सिनेमातल्या पात्राचं विश्लेषण दिलं असेल तर कथा तीन ओळींत संपवा आणि सिनेमाने काय चुकीचं दाखवलं त्यावर बोला. सगळे उलट करतात.

मनोरुग्णालयाची भेट असेल तर तिचं मोल जास्त. राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. परवानगी विभागाच्या पत्रानेच मिळते आणि फोटो काढायचे नाहीत, गेटसमोरचे सेल्फीसुद्धा. अहवालात ‘रुग्ण पाहून मन हेलावलं’ या वाक्याला शून्य गुण. त्यापेक्षा पाहिलेल्या गोष्टी मानसिक आरोग्य सेवा कायद्याशी जोडा. २०१७ चा हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं.

सादरीकरणासाठी विषय निवडायची मुभा असेल तर आपल्या मातीतला घ्या. अंगात येणं घ्या. डीएसएम-५ मध्ये विघटित ओळखीच्या विकृतीच्या, म्हणजे एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी वावरण्याच्या, निकषांत स्पष्ट म्हटलं आहे की सर्वमान्य सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रथेचा भाग असलेली अवस्था विकृती मानायची नाही. मग जत्रेत देवीसमोर घुमणारी बाई आणि घरी रोज, नको असताना, घुमणारी सून यांत रेघ कुठे ओढायची? सामान्य आणि अपसामान्य यांची व्याख्या देणारं पहिलं प्रकरण इथे जिवंत होतं.

पायरी ७: जर्नल आणि व्हायवा

जर्नलबद्दल एकच सांगते: ज्या आठवड्यात प्रयोग, त्याच आठवड्यात सही. विभागप्रमुखांच्या सहीशिवाय प्रमाणपत्राचं पान कोरं राहतं आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाहेर उभं राहावं लागतं.

व्हायवात चाचणी काय मोजते एवढ्यावर थांबत नाहीत, काय मोजत नाही तेही विचारतात. बेकची नैराश्य-चाचणी २१ विधानगटांची, गुण ० ते ६३. जास्त गुण म्हणजे लक्षणांची तीव्रता जास्त, निदान नव्हे. हे वाक्य घोकून जा. आणि चाचणी मैत्रिणीला दिलीत, तिचे गुण खूप वर आले, तर ते जर्नलमध्ये उतरवून पान उलटू नका. त्याच दिवशी शिक्षकांना सांगा.

पायरी ८: लेखी पेपर

पंधरा गुणांच्या उत्तराला पाच पानं लागत नाहीत. व्याख्या, निकष मुदतीसह, कारणं आणि उपचार हा क्रम ठेवा. कारणांत जैविक, मानसिक आणि सामाजिक तिन्ही हवीत. मुलं बालपणावर दोन पानं लिहितात आणि मेंदूवर दोन ओळी. ‘बालपणीचा आघात’ हे सर्व कुलुपांची किल्ली असल्यासारखं वापरू नका.

थोडे भारतीय आकडे जवळ असू द्या. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये त्या वेळी १०.६ टक्के लोकांना मानसिक विकार आढळले. वर्गीकरणाच्या मर्यादा विचारल्या तर समलैंगिकता अमेरिकन संघटनेने १९७३ मध्ये विकृतींतून वगळली, हे उदाहरण द्या. रोझेनहान यांचा १९७३ चा अभ्यासही द्या, ज्यात आठ निरोगी माणसं आवाज ऐकू येतात म्हणून सांगून मनोरुग्णालयांत दाखल झाली. पण त्या अभ्यासाच्या विश्वासार्हतेवर पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या, हे जोडल्याशिवाय सोडू नका. ही पुढची ओळ लिहिणारे फार थोडे असतात.

या पेपरच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट हमखास होते. प्रत्येक प्रकरणाला वाटतं, अरे, हे तर मला आहे. दरवाजा दोनदा तपासला की ओसीडी, दोन दिवस मूड गेला की बायपोलर. त्या वेळी कालावधीची वही उघडा, बहुतेक आजार तिथेच गळून पडतात. ती उघडूनही एखादा गळला नाही, झोप, जेवण, कॉलेज खरंच सुटत चाललं असेल, तर अभ्यास बाजूला ठेवा आणि कुणाशी तरी बोला. कॉलेजचे समुपदेशक नसतील तर टेलिमानसचा १४४१६ हा शासकीय क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता शेवटचं कारकुनी काम. इंटर्नलच्या गुणांची यादी सूचनाफलकावर लागते तेव्हा स्वतःच्या नावापुढचा आकडा तपासा, सही करायला सांगितली असेल तर बेरीज बघूनच करा, आणि पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मागे एका मुलीचे ३३ गुण संगणकात १३ म्हणून चढले. तिच्याकडे तो फोटो होता, म्हणून तिचं काम एका अर्जात झालं. तिच्या वर्गातल्या दुसऱ्या एकाचं असंच झालं होतं, त्याच्याकडे फोटो नव्हता. तो पुढचं अख्खं सत्र खिडकी क्रमांक तीनसमोर उभा होता.